गढूळ पाणी, फळबाग आणि खर्चातला सरकारी वाटा: अमेरिकेत पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी

अमेरिकेत फळबाग घेतलेला नवा माणूस पहिल्या वर्षी तीन गोष्टींची चौकशी करतो: छाटणीला माणसं कुठे मिळतात, माल कोण उचलतो आणि सरकार काय देतं. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘बरंच देतं’ असं आहे. पण आपल्याकडच्या अनुदानांची सवय असलेला माणूस इथे हमखास चुकीच्या दारातून आत शिरतो. आपल्याकडे वस्तू ठरलेली असते. ठिबक हवं, ठिबकची योजना बघा. शेततळं हवं, शेततळ्याची योजना बघा. इथे वस्तू मागायची नसते, दुखणं दाखवायचं असतं. माती कुठून वाहते, खत कुठून ओढ्यात जातं, औषधाचं पाणी कुठे सांडतं हे आधी दाखवा. त्यावर इलाज काय आणि त्याचा खर्च कोण किती उचलणार, हे नंतर ठरतं.

या पद्धतीला इथे ‘कॉस्ट-शेअर’ म्हणतात. काम तुमच्या बागेत, खर्चाचा काही वाटा सरकारचा, उरलेला तुमचा. हा लेख बागेतून वाहून जाणारं दूषित पाणी रोखण्याच्या कामांपुरता आहे. कुंपण, शीतगृह, विक्री केंद्र यांसाठी पैसे शोधत असाल तर इथे काही सापडणार नाही.

सरकार यात पैसे का घालतं

१९७२ च्या क्लीन वॉटर ॲक्टने कारखान्यांच्या आणि शहरांच्या पाइपमधून नदीत जाणाऱ्या पाण्याला परवाना लावला. पाइप दिसतो, त्याचं तोंड मोजता येतं. शेतातून पसरून वाहणाऱ्या पाण्याला असं एक तोंड नसतं, आणि पावसाने शेतातून वाहणारं पाणी, तसंच सिंचनाचं परतीचं पाणी, पुढे या परवान्यातून वगळलं गेलं. त्यामुळे केंद्र सरकारकडे शेतकऱ्यासाठी काठी जवळपास नाही. आहे तो पैसा आणि सल्ला. १९८७ मध्ये त्याच कायद्यात अशा विखुरलेल्या प्रदूषणासाठी राज्यांना निधी देणारं ३१९ वं कलम आलं. १९९६ च्या शेती कायद्याने ‘इक्विप’ ही कॉस्ट-शेअरची केंद्रीय योजना सुरू केली. तिचं पूर्ण नाव एन्व्हायर्न्मेंटल क्वालिटी इन्सेंटिव्ह्ज प्रोग्रॅम, पण ऑफिसात सगळे इक्विपच म्हणतात.

फळबागेचा यात काय संबंध, असं वाटू शकतं. झाडं आहेत, मुळं आहेत, माती धरून ठेवतील. वॉशिंग्टन राज्यातलं यकिमा खोरं बघा. सफरचंद, द्राक्ष आणि हॉप्स यांचा मुलूख. तिथे पूर्वी उतारावरच्या जमिनीला सरीने पाटपाणी देत. सरीच्या शेवटी पाणी चहासारखं तांबूस होऊन नाल्यात पडायचं. डीडीटीवर १९७२ मध्येच बंदी आली होती, पण मातीच्या कणांना चिकटलेलं जुनं डीडीटी त्या गाळाबरोबर पुढची कित्येक वर्षं यकिमा नदीत जात राहिलं आणि माशांच्या अंगात सापडत राहिलं. १९९० च्या दशकाच्या शेवटी राज्याने गाळ आणि डीडीटी यांच्यासाठी मिळून एकच आराखडा केला. नदीतून डीडीटी वेगळं काढता येत नाही, पण माती शेतातच थांबवली तर डीडीटीही थांबतं. बागायतदार सरीवरून तुषार आणि ठिबककडे वळले, शेतांच्या टोकाला गाळ बसवायची तळी झाली, आणि नाल्यांमधला गाळ मोठ्या प्रमाणात उतरला.

पहिली पायरी: पावसात एक फेरी

ऑफिसात फोन करण्याच्या आधी हे करा. माझ्या मते सगळ्या प्रक्रियेतलं हे सर्वात मोलाचं काम आहे, आणि नवखे लोक नेमकं हेच टाळतात.

चांगला जोराचा पाऊस सुरू झाला की गमबूट घालून, फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून बागेत जा. एका एकरावर एक इंच पाऊस पडला म्हणजे साधारण १ लाख ३ हजार लिटर पाणी पडलं. त्यातलं बरंचसं मुरतं. जिथे मुरत नाही त्या जागा शोधायच्या आहेत: ट्रॅक्टरच्या चाकाने दाबलेली वाट, तणनाशक मारून उघडा ठेवलेला झाडांखालचा पट्टा, नव्या लागवडीतली भुसभुशीत माती, आणि डोंगरउतारावर उभ्या, म्हणजे उताराच्या दिशेने काढलेल्या ओळी. स्ट्रॉबेरीवाल्यांनी वाफ्यांमधल्या सऱ्या बघाव्यात. वाफ्यावर प्लॅस्टिक असतं, त्यावरून घसरलेलं सगळं पाणी दोन वाफ्यांमधल्या उघड्या सरीत येतं आणि सरीचा बघता बघता ओघळ होतो. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, वॉटसनव्हिलच्या आसपासच्या टेकड्यांवर हा जुना प्रश्न आहे.

पाणी कुठे जमतं, कुठल्या रंगाचं आहे, आणि मुख्य म्हणजे तुमच्या हद्दीतून कुठे बाहेर पडतं, याचे फोटो काढा. व्हिडिओ त्याहून बरा. जमिनीखाली निचऱ्याचे जुने पाइप असतील तर त्यांची तोंडं शोधा. बाग विकणाऱ्याला त्यांची आठवण नसते, पाण्याला असते. मग फवारणीच्या ब्लोअरची टाकी जिथे भरता तिथे उभे राहा. तिथून बोअर किती लांब आहे? नळी टाकीत बुडालेली असताना पंप बंद पडला तर औषध उलटं बोअरमध्ये ओढलं जाईल का? सांडलेलं पाणी कोणत्या बाजूला धावतं?

घरी आल्यावर बागेच्या उपग्रह-नकाशाची एक छपाई घ्या आणि पेनाने पाण्याच्या वाटा काढा. एनआरसीएस या सरकारी संस्थेच्या ‘वेब सॉइल सर्व्हे’वर तुमच्या जमिनीचा मातीचा नकाशा फुकट मिळतो. उतार, मातीचा प्रकार, निचरा, सगळं त्यात असतं. तोही छापून ठेवा.

वाहून नक्की काय जातंय

हे समजल्याशिवाय पुढची निवड चुकते, म्हणून थोडं थांबू.

स्फुरद, तांबं आणि बरीचशी जुनी कीटकनाशकं मातीला चिकटून जातात. वर्षानुवर्षं बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) मारलेल्या बागेच्या वरच्या थरात तांबं साचलेलं असतं, आणि ते पाण्यातल्या जिवांना मानवत नाही. स्फुरद तलावात गेलं की शेवाळ माजतं. ऑगस्ट २०१४ मध्ये इरी सरोवरातल्या विषारी शेवाळामुळे टोलीडो शहराला नळाचं पाणी पिऊ नका असं सांगावं लागलं होतं, आणि त्या सरोवरात जाणाऱ्या स्फुरदाचा मोठा भाग शेतांतला आहे. इलाज एकच: माती हलू द्यायची नाही, हललीच तर वाटेत अडवायची.

नायट्रेटचं वागणं अगदी उलट. ते मातीला धरून राहत नाही, पाण्यात विरघळून पाण्याबरोबर जातं. वरून नाही गेलं तर खाली भूजलात उतरतं. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटमधल्या नत्राची मर्यादा दर लिटरला १० मिलिग्रॅम आहे. बोअरचं पाणी घरात पीत असाल तर ते तपासून घ्या. अनुदानासाठी नव्हे, घरातल्या लेकरांसाठी. वाहणाऱ्या पाण्याला गवताची पट्टी आडवी घातली की माती अडते, पण खाली झिरपणाऱ्या नायट्रेटला ती पट्टी ठाऊकही नसते. तिथे खताची मात्रा, वेळ आणि पाणी यांनाच हात घालावा लागतो.

दुसरी पायरी: कोणाच्या दारात जायचं

मुख्य दार म्हणजे यूएसडीएचं, म्हणजे केंद्राच्या कृषी खात्याचं, ‘सर्व्हिस सेंटर’. बहुतेक कौंटींना एक तरी जवळ असतं. एकाच इमारतीत सहसा दोन संस्था बसतात, आणि नवा माणूस त्यांची गल्लत करतो. एफएसए म्हणजे फार्म सर्व्हिस एजन्सी, ही नोंदी आणि पात्रता बघते. एनआरसीएस म्हणजे नॅचरल रिसोर्सेस कन्झर्वेशन सर्व्हिस, ही बागेत येऊन आराखडा करते आणि इक्विप चालवते. धुळीच्या वादळांनी शेतं उडून गेली त्या काळात, १९३५ मध्ये, ह्यू हॅमंड बेनेट या मृदातज्ज्ञाच्या पुढाकाराने सॉइल कन्झर्वेशन सर्व्हिस उभी राहिली. तिलाच १९९४ मध्ये आजचं नाव मिळालं.

तिसरं दार म्हणजे स्थानिक संधारण जिल्हा, सॉइल अँड वॉटर कन्झर्वेशन डिस्ट्रिक्ट. पहिला जिल्हा १९३७ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात ब्राऊन क्रीकला झाला, आज देशभर सुमारे ३,००० आहेत. राज्यांचे पैसे बऱ्याचदा यांच्यामार्फत येतात. न्यू यॉर्कमध्ये शेती प्रदूषण रोखण्याचा राज्याचा निधी मागायचा तर शेतकरी स्वतः अर्ज करत नाही, त्याच्या वतीने जिल्हा करतो. राज्य ७५ टक्क्यांपर्यंत देतं, आणि शेतकऱ्याने स्वतःचा वाटा घातला तर ८७.५ टक्क्यांपर्यंत जाता येतं. मिशिगनमध्ये ‘मीप’ नावाचा स्वेच्छेचा कार्यक्रम आहे, त्यात तज्ज्ञ बाग तपासून कच्चे दुवे सांगतात. फ्लोरिडात मामला थोडा वेगळा: ज्या पाणलोटांसाठी राज्याने सुधारणेचा आराखडा केला आहे, तिथल्या बागायतदाराला शिफारस केलेल्या पद्धतींमध्ये नाव नोंदवावं लागतं, नाहीतर स्वखर्चाने पाण्याची तपासणी करत बसावं लागतं.

एक भीती जवळपास प्रत्येकाच्या मनात असते. ‘आपणच गढूळ ओढा दाखवायचा आणि मग दंडाची नोटीस आली तर?’ एनआरसीएस दंड करणारी संस्था नाही, आणि तुम्ही दिलेली बागेची माहिती बाहेर देण्यावर २००८ च्या शेती कायद्यातल्या १६१९ व्या कलमाने बंधन घातलं आहे. ताकाला जाऊन भांडं लपवलंत तर आराखडाच चुकीचा होईल. पावसातले फोटो थेट टेबलावर ठेवा.

तिसरी पायरी: कागद

हा भाग रटाळ आहे, पण इथेच अर्ज अडकतात, म्हणून सलग सांगतो.

आधी फोन करून वेळ घ्या. सोबत मालकीचा दस्त किंवा भाडेकरार, ओळखपत्र, सोशल सिक्युरिटी क्रमांक (कंपनी असेल तर कर क्रमांक आणि भागीदारीचे कागद) न्या. एफएसए तुमच्या जमिनीला ‘फार्म नंबर’ आणि ‘ट्रॅक्ट नंबर’ देते. आपला गट नंबर समजा. मागच्या मालकाच्या नावावर नंबर असेल तर तो तुमच्या नावावर करून घ्यावा लागतो, आणि त्यात दिवस जातात. त्यानंतर एडी-१०२६ हा फॉर्म: धूप होणाऱ्या जमिनीचे आणि पाणथळ जागांचे नियम पाळतो, असं तुम्ही लिहून देता. पाणथळ जागा बुजवून बाग वाढवायचा विचार असेल तर आधी विचारा, मग सही करा. सीसीसी-९४१ हा उत्पन्नाचा फॉर्म. करानंतरचं नव्हे, करासाठी मोजलेलं समायोजित उत्पन्न सरासरीने ९ लाख डॉलरच्या वर असेल तर साधारणपणे दार बंद. बाहेर नोकरी करून बाग सांभाळणाऱ्या बहुतेकांना ही अडचण येत नाही.

शेवटी सीपीए-१२००, म्हणजे खुद्द इक्विपचा अर्ज. तो आश्चर्य वाटेल इतका छोटा आहे. त्यात तुम्हाला काय बसवायचंय याची यादी करायची नसते.

जमीन भाड्याची असेल तर एक गोष्ट आत्ताच तपासा. कराराच्या पूर्ण काळात जमिनीचा ताबा तुमच्याकडे असल्याचं दाखवावं लागतं. मालकाने दर वर्षी नवा करार करायची सवय ठेवली असेल तर त्याच्याशी चहा घेत बोलून मुदत वाढवून घ्या, आणि जमिनीत काही कायमचं बांधायचं असेल तर त्याची लेखी संमती घ्या.

चौथी पायरी: अधिकारी बागेत येतो तेव्हा

अर्जानंतर एनआरसीएसचा माणूस फेरीला येतो. ही फेरी तुम्ही घडवायची आहे. पावसात पाहिलेल्या वाटेने, त्याच क्रमाने त्याला न्या. तो त्याच्या भाषेत ‘रिसोर्स कन्सर्न’ लिहून घेईल, म्हणजे दुखणी. आणि प्रत्येक दुखण्यासमोर एक ठरलेला क्रमांकाचा इलाज. फळबागेत बहुतेक वेळा येणारे इलाज आणि त्यांतल्या खाचाखोचा अशा:

गवताच्या पट्ट्या. दोन ओळींमध्ये कायमचं गवत (क्रमांक ३२७, कायमचं आच्छादन) हा सर्वात स्वस्त आणि माझ्या मते सर्वात कमी लेखलेला उपाय. ट्रॅक्टर चिखलात रुतत नाही हा त्याचा वरचा फायदा. बागेच्या खालच्या कडेला, ओढ्याच्या आधी, ‘फिल्टर स्ट्रिप’ म्हणजे गाळण-पट्टी (३९३): मातीचे कण अडवायचे तर पाण्याने पट्टीतून किमान २० फूट वाहायला हवं, विरघळलेल्या गोष्टींसाठी किमान ३० फूट. मात्र ही पट्टी पसरून येणाऱ्या पातळ पाण्यासाठी आहे. पाणी एका घळीत गोळा होऊन येत असेल तर ते पट्टीला भोक पाडून निघून जातं. अशा ठिकाणी गवत लावलेला रुंद, उथळ चर (४१२) लागतो. पावसातला व्हिडिओ इथे कामाला येतो, कारण कोरड्या दिवशी आलेल्या अधिकाऱ्याला हा फरक दिसणं कठीण.

आच्छादन (४८४). झाडांखाली लाकडाचा भुसा किंवा गवत पसरलं की उघडा पट्टा झाकला जातो. पण हिवाळ्यात बर्फाखाली शेतउंदीर त्यात घर करतात आणि कोवळ्या खोडाची साल चहूबाजूंनी कुरतडतात. झाड वसंतात उठतच नाही. खोडाभोवती मोकळी जागा ठेवा, जाळीचे संरक्षक घाला.

ठिबक (४४१) आणि पाण्याचं वेळापत्रक (४४९). सगळ्यांना हवं असतं ते हेच. एक अट मात्र आधीच माहीत असू द्या: साधारण नियम असा की ती जमीन मागच्या ५ पैकी किमान २ वर्षं ओलिताखाली असायला हवी. कोरडवाहू माळावर नवी बाग लावून तिला या पैशातून पहिल्यांदा पाणी आणायचा बेत असेल, तर तो इथे बहुधा जमणार नाही. जुनं पाटपाणी बदलून ठिबक करणं, पाण्याबरोबरची माती आणि नायट्रेट थांबवणं, हा या योजनेचा हेतू आहे. आणि ठिबक बसवून पाणी पूर्वीइतकंच सोडलं तर नायट्रेट खाली जातच राहतं, म्हणून ४४९ बरोबर घ्या. ओल मोजणारे सेन्सर त्यात बसू शकतात.

खत-व्यवस्थापन (५९०). माती परीक्षण, पान परीक्षण आणि त्यानुसार खत. सफरचंदाची पानं उन्हाळ्याच्या मध्यावर, साधारण जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत घेतात. इथे रोख पैसा कमी दिसतो म्हणून लोक हे सोडून देतात. पण दुखणं नायट्रेटचं असेल तर बाकी सगळं मलमपट्टी आणि हे औषध.

औषध मिसळायची पक्की जागा (३०९). कठडा असलेला काँक्रीटचा ओटा, वर छप्पर, सांडलेलं गोळा होऊन परत टाकीत जाईल अशी सोय. खर्चिक, पण बोअर जवळ असेल तर टाळू नका. तोवर दोन साध्या गोष्टी आजच करा, त्यांना अनुदान लागत नाही: नळी टाकीतल्या पाण्याच्या वर हवेत लोंबकळती ठेवा, आणि रिकामे डबे तीनदा विसळून ते पाणी फवारणीच्या टाकीतच ओता.

याशिवाय गाळ बसवायची तळी (३५०), वाहून आलेलं पाणी गोळा करून पुन्हा वापरायची सोय (४४७), एकात्मिक कीड-व्यवस्थापन (५९५) असे अनेक इलाज आहेत. क्रमांक पाठ करायची गरज नाही. पण अधिकाऱ्याशी बोलताना ‘तीनशे त्र्याण्णव बसेल का?’ असं विचारलंत तर संभाषण जरा लवकर मुद्द्यावर येतं, एवढं खरं.

पाचवी पायरी: गुण, वाट पाहणं, आणि हात बांधून बसणं

अर्ज वर्षभर घेतात, पण प्रत्येक राज्य एक कटऑफ तारीख जाहीर करतं आणि तोवर आलेले अर्ज एकमेकांशी तोलले जातात. पाण्यावर होणारा परिणाम, जागेची नाजूक स्थिती, खर्चाच्या मानाने फायदा यांना गुण असतात. मागणी निधीपेक्षा जास्त असते. शिवाय २०१८ च्या शेती कायद्याने इक्विपचा निम्मा पैसा पशुपालनाच्या कामांसाठी राखला, म्हणजे फळवाला उरलेल्या निम्म्यासाठी बाकी सगळ्यांबरोबर रांगेत. काही पाणलोट राष्ट्रीय जलगुणवत्ता उपक्रमासारख्या खास यादीत असतात. तुमची बाग त्यात येते का हे नक्की विचारा, तिथली रांग लहान असू शकते. तारीख हुकली तर अर्ज पुढच्या फेरीत जातो, मरत नाही.

निवड झाली की पाणथळ जागा, दुर्मीळ जीव, पुरातन अवशेष यांची तपासणी होते. मग करार. आणि आता सगळ्या लेखातली सर्वात महत्त्वाची ओळ: करारावर दोन्ही बाजूंच्या सह्या होण्याआधी त्या कामाला हात लावायचा नाही. पाइपची ऑर्डर नाही, खोदकाम नाही. आधी केलेल्या कामाचे पैसे मिळत नाहीत. काही वेळा सहीआधी काम सुरू करायची सूट मागता येते, पण तीही काम सुरू करण्याच्या आधी आणि लेखी. ठेकेदार ‘आत्ता मोकळा आहे, महिन्याने येणार नाही’ म्हणेल. त्याला जाऊ द्या.

सहावी पायरी: पैशाचा हिशेब

कायद्यातली मर्यादा खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत अशी आहे. शेती सुरू करून १० वर्षं न झालेले, मर्यादित साधनं असलेले आणि माजी सैनिक शेतकरी यांच्यासाठी ती ९० टक्क्यांपर्यंत जाते. तुम्ही नवे असाल तर अर्जात ही चौकट भरायला विसरू नका. पुष्कळ जण विसरतात.

पण ७५ टक्के तुमच्या बिलाचे नव्हेत. प्रत्येक राज्य दर वर्षी कामांचे ठरलेले दर लावतं: फुटाला इतके, एकराला इतके. निव्वळ उदाहरण म्हणून आकडे घेऊ. समजा ठिबकचा तुमचा दर एकरी १,५०० डॉलर आहे आणि बाग ८ एकर. तुम्हाला १२,००० मिळतील. ठेकेदाराने १९,००० घेतले तर ७,००० तुमचे. त्याच्याशी घासाघीस करून, थोडं काम स्वतः करून १५,००० मध्ये बसवलंत तर तुमचे ३,०००. म्हणून करारावर सही करण्याआधी किमान दोन ठेकेदारांचे लेखी दर हातात हवेत. दरातला फरक खिशाला झेपत नसेल तर सहीआधी नाही म्हणणं फुकट आहे, सहीनंतर नाही.

पैसे काम झाल्यावर मिळतात. काम ठरलेल्या मापात झालंय का हे एनआरसीएस तपासते, तुम्ही सीपीए-१२४५ भरता, मग रक्कम खात्यात. मधले महिने ठेकेदाराला तुम्हीच सांभाळायचं. नव्या शेतकऱ्याला आणि ९० टक्क्यांच्या गटातल्या इतरांना निम्मी रक्कम आगाऊ मागता येते, पण ती ९० दिवसांत त्या कामावर खर्च व्हायला हवी. म्हणून ठेकेदाराची तारीख पक्की झाल्याशिवाय आगाऊ उचलू नका.

राज्याचा निधी आणि इक्विप एकाच कामाला जोडता येतात का? पुष्कळदा हो, पण दोन्ही मिळून प्रत्यक्ष खर्चाच्या १०० टक्क्यांच्या वर जाता येत नाही, आणि दोन्ही ऑफिसांना एकमेकांची माहिती तुम्हीच द्यायची. एका माणसाला किंवा कंपनीला इक्विपमधून मिळणाऱ्या एकूण रकमेला २०१८ च्या कायद्याने ४,५०,००० डॉलरची मर्यादा घातली. छोट्या बागेला तिची झळ लागत नाही. वर्ष संपलं की १०९९-जी हा कर फॉर्म घरी येतो. ही रक्कम उत्पन्नात धरली जाते, काही भाग कर संहितेच्या १२६ व्या कलमाने वगळता येऊ शकतो. शेतीचे विवरण भरणारा हिशेबनीस गाठा. शहरातला नेहमीचा बहुधा हे कलम ऐकूनही नसतो.

करारानंतर

पहिल्या १२ महिन्यांत करारातलं किमान एक काम सुरू व्हायला हवं. करार जास्तीत जास्त १० वर्षांचा, पण केलेल्या कामाचं आयुष्य त्याहून वेगळं मोजतात: ठिबकला १५ वर्षं, गाळण-पट्टीला १० वर्षं. तेवढा काळ ते चालू ठेवायची जबाबदारी तुमची. पट्टीवर गाळ साचून ती बांधासारखी उंच झाली की पाणी बाजूने वळसा घालतं, म्हणून गाळ काढून पुन्हा बी टाकावं लागतं. वळण्यासाठी जागा कमी पडते म्हणून कोणी ट्रॅक्टर पट्टीवरून फिरवायला लागला तर पहिल्याच मोसमात थांबवा. बाग विकायची वेळ आली तर खरेदीदाराने करार स्वतःकडे घ्यायला हवा, नाहीतर दिलेले पैसे परत मागितले जाऊ शकतात. ठिबकचा पंप जळला, पूर आला, ठेकेदार पळाला, काहीही झालं तरी ऑफिसला आधी कळवा. आधी कळवलेल्या अडचणीला मुदतवाढ मिळते, नंतर सापडलेल्या अडचणीला पत्र येतं.

निवड झाली नाही तर? गुणपत्रक दाखवायला सांगा. कोणत्या रकान्यात मार खाल्ला ते त्यावर दिसतं, आणि बहुधा पुढच्या वर्षी एखादं काम जोडून किंवा वगळून गुण सुधारता येतात. पैसे न मिळालेल्या बागेलाही एनआरसीएसचा तांत्रिक सल्ला आणि आराखडा फुकटच मिळतो. गवताचं बी स्वतःच्या खर्चाने टाकायला कोणाच्या सहीची गरज नाही, फक्त ज्या कामाचा अर्ज पुन्हा देणार आहात ते सोडून. आणि पुढच्या मोठ्या पावसात पुन्हा त्याच वाटेने जाऊन त्याच ठिकाणांवरून फोटो काढून ठेवा.